मिहिरीचा जबडा

नमुना

"पेशंटचं नाव?" अल्ताफनं विचारलं.

त्याच्या एका हातात एक्स-रे घालायचं छोटं पाकीट होतं, दुसऱ्या हातात उघडं पेन. सवयीनं विचारून गेला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो उगाचच पेनचं टोपण शोधायला लागला.

"लिही की," मी म्हटलं. "मिहिरी."

त्यानं लिहिलं. हळू लिहिलं.

"आडनाव?"

"त्यांच्यात आडनाव, म्हणजे कुळाचं नाव, आधी लावतात. राहू दे ते. लांबलचक आहे."

"वय?"

"तेच विचारायला आलेय तुझ्याकडे."

"तसं नव्हे हो वृंदाताई. अंदाजे सांगा."

"अडीच कोटी वर्षं."

"मग दातांची गॅरंटी नाही देत मी."

तो हसला. मीही हसले असेन. त्या दिवसांत समोरचा हसला की मी हसायचे.

जबडा खुर्चीत होता. पेशंटच्या डोक्याखाली असते तिथली उशी काढून अल्ताफनं जाड टॉवेलची घडी ठेवली होती आणि त्यावर तो दगड आडवा निजवला होता. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेल्या एका आजींनी मला तो उचलून आत नेताना पाहिलं होतं.

"काय आणलंस ग बाई?"

"दात दाखवायला आणलाय, आजी."

"दगडाला दात?"

"हो."

"बघा. आमचे गेले नि दगडाला आले," असं म्हणून त्यांनी पुन्हा गाल धरला.

अल्ताफ मुजावर माझ्या भावाच्या, मिहीरच्या बाकावर बसायचा. बालवाडीपासून बारावीपर्यंत. मिरजेत स्टेशन रोडला त्यानं दवाखाना टाकला तेव्हा पहिला दात त्यानं मिहीरचाच काढला होता. दुखत नसलेला, असं मिहीर सगळ्यांना सांगायचा.

स्थळ

कच्छात, लखपतच्या बाजूला एक कोरडा ओढा आहे. नाव सांगत नाही. लोक जाऊन खणतात. माझे वडील, भास्कर कुलथे, भूशास्त्र शिकवायचे आणि कॉलेजची नोकरी होती तोवर दर हिवाळ्यात तिकडे जायचे. निवृत्त झाल्यावरही एकदा गेले. त्या खेपेला तिकडच्या भाड्याच्या जीपला ड्रायव्हर मिळेना, म्हणून चालवायला मिहीर गेला. त्याला दगडांचं काही नव्हतं. हाड आहे की नुसता दगड हे ओळखायला आमच्याकडे तुकडा जिभेला लावून बघतात, हाड असेल तर जिभेला चिकटतं. मिहीर मित्रांना सांगायचा, "आमच्या घरात आल्यागेल्याला चहा देतात आणि स्वतः दगड चाटतात."

परतीच्या प्रवासात तो दगड त्याच्या मांडीवर होता. बाबा कुठेही ठेवू देईनात. मिरज स्टेशनवर उतरला तेव्हा त्याला चालता येईना. दोन्ही पायांना मुंग्या. फलाटावर बसूनच मला म्हणाला, "वृंदे, याला मीच आणलाय बरं का मांडीवर घेऊन. मोठा झाला की मला विसरू नकोस म्हणावं."

पुढच्या भाद्रपदात त्याला ताप आला.

लांबलांबून लोक बरं व्हायला मिरजेला येतात. विजापूरहून येतात, रत्नागिरीहून येतात. मिहीर मिरजेतच होता. आठवड्याच्या आत गेला.

दिवस झाल्यावर बाबांनी तो दगड टेबलावर घेतला. आजोबा सोनार. त्यांच्या दुकानातली हत्यारं घरात होती: बारीक छिन्न्या, चिमटे, कानशी. त्यांनीच आम्ही दगड कोरायचो. बाबांना काचबिंदू, मधलं थोडं दिसायचं, कडेचं काहीच नाही. म्हणून कोरायची मी, आणि ते बोटांनी बघायचे. मी कॉलेजात शिकवून आले की आम्ही बसायचो. आई आत असायची. घरात हत्याराचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नव्हता. आम्ही रडत नव्हतो. रडणारं घर शेजारच्यांना कळतं, त्यांना काय करायचं तेही कळतं. आमच्याकडे लोक यायचे आणि दगड बघून जायचे.

निदान

दगडातून खालचा जबडा निघाला, टाळूचा तुकडा निघाला आणि डोळ्याच्या वरचं थोडं हाड. जबड्यात दात होते. करवतीसारखे, प्रत्येक दाताला बारीक बारीक टोकं.

"शिकारी आहे," मी म्हटलं. "जुन्या दात असलेल्या देवमाशांपैकी."

"दात बघून सांगतेस," बाबा म्हणाले. "दात बघून कुणीही सांगेल. हाड बघ. वरच्या जबड्याची कड कशी आहे?"

"पातळ. चपटी. बाहेर पसरलेली."

"खालच्या जबड्याचे दोन्ही भाग पुढे एकमेकांना हाडानं जोडलेत?"

मी भिंग धरलं. "नाही. सुटे आहेत. मध्ये खाच आहे."

"टाळूवर?"

"भोकं आहेत. बारीक. त्यांतून चरे निघालेत कडेकडे."

"आता सांग."

आज समुद्रात जे सगळ्यांत मोठे देवमासे आहेत त्यांना दात नसतात. त्यांच्या टाळूला झालरीसारखे पट्टे असतात. तोंडभर पाणी घ्यायचं, पट्ट्यांतून गाळायचं, आत राहतील ते बारीक जीव गिळायचे. पण या गाळणाऱ्यांच्या फार जुन्या पूर्वजांना दात होते. दात खरे, पण बाकीचं डोकं गाळणाऱ्यांच्या वळणावर गेलेलं. चपटी कड, सुटे जबडे, टाळूवर रक्तवाहिन्यांचे चरे. आमच्या दगडातला त्यांच्यापैकी होता.

"गाळणाऱ्यांच्याच घराण्यातला," मी म्हटलं.

"हं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी टाळूवरून बोट फिरवलं. तेवढाच आनंद झाला त्या वर्षात. तोसुद्धा झाला असं मला आता वाटतं. तेव्हा वाटल्याचं आठवत नाही.

तुलना

इथे अडचण सांगायला हवी.

त्याच ओढ्याच्या परिसरातून, मी शाळेत असताना, बाबांनी असाच एक जबडा आणला होता. मोठा, म्हाताऱ्या प्राण्याचा. त्यावरून त्यांनी नवीन जात जगापुढे मांडली होती आणि तिला नाव दिलं होतं. त्यांच्या आयुष्यातलं ते एकच नाव.

नवा जबडा त्याच्याशी जुळतो की नाही हा प्रश्न होता. आम्ही दोन्ही शेजारी ठेवले. फरक तीन निघाले. नवा बराच लहान. नव्याचे दात एकमेकांना खेटून, जुन्याच्या दातांत मोठमोठ्या फटी. आणि नव्याच्या दातांची टोकं धारदार, जुन्याची गुळगुळीत झालेली.

"वेगळी जात," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मिहिरी."

माणसाचं नाव द्यायचं तर लॅटिनमध्ये असं शेवट बदलून देतात. मिहीरची जात, म्हणून मिहिरी. मला ते कळलं. स्वयंपाकघरात आईलाही कळलं असावं. आत कणीक मळल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसानंतर आम्ही दिवसभर तेच म्हणायचो. मिहिरीचा जबडा जरा इकडे दे. मिहिरीच्या टाळूचं चित्र पुन्हा काढावं लागेल. महिन्याभरात आईसुद्धा आतून हाक मारायला लागली, "मिहिरीचं झालं असेल तर जेवायला या."

लेख लिहून परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. त्यांच्या परीक्षकानं कौतुक केलं आणि एकच प्रश्न विचारला. हा प्राणी पूर्ण वाढलेला आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?

प्रश्न साधा होता, आणि सगळं त्यावरच उभं होतं. वाढलेला असेल तर जात नवी, आणि तिचं नाव मिहिरी. वाढलेला नसेल तर तो बाबांच्याच जुन्या जातीचं पिल्लू असू शकतो. मग नवी जात नाही, नवं नाव नाही.

"विचारतात," बाबा म्हणाले. "विचारणं त्यांचं काम आहे. एक्स-रे काढ, दातांची मुळं बंद झालेली दाखव, पाठवून दे."

वय

पहिली फिल्म पांढरी आली. नुसती पांढरी.

"तुमचा पेशंट फार घट्ट आहे," अल्ताफ म्हणाला. "वाढवतो जरा. हलत नाही एवढं बरं. नाहीतर लोक असले वळवळतात."

त्यानं दुसरी फिल्म जबड्याच्या आतल्या बाजूला कापसानं टेकवली, मशीनचं नळकांडं दातावर आणलं आणि मला दाराबाहेर उभं केलं. आजी अजून बाकावर होत्या. "निघाला का?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हटलं.

फिल्म धुऊन त्यानं खिडकीशी धरली. पाणी टपकत होतं.

"या. बघा की. मस्त आलाय."

मी बघितलं. मला जे दिसलं ते मला कळलं, पण मी त्यालाच बोलू दिलं.

"ही नस. केवढी रुंद आहे बघा. मोठ्या माणसाची दोऱ्यासारखी होते. आणि इथं, मुळाचं टोक. बंद व्हायला पाहिजे ना? उघडं आहे. नरसाळ्यासारखं. आठ-दहा वर्षांच्या पोरांचं असं असतं. दात वर आलेला दिसतो, आई म्हणते आला दात, पण खाली मूळ अजून बनतच असतं." तो रंगात आला होता. "बच्चा आहे हो ताई हा!"

"हो."

"का? वाईट आहे का?"

मी त्याला सांगितलं. थोडक्यात सांगितलं, बाहेर आजी होत्या. पिल्लाचा जबडा लांब होत जातो, दात आहेत तेवढेच राहतात. म्हणून आधी खेटून असलेले दात पुढे लांब लांब जातात. टोकं झिजतात. म्हणजे आमचे तिन्ही फरक वेगळ्या जातीचे नव्हते, वयाचे होते. आमच्याकडे दोन जाती नव्हत्या. एका जातीचा एक म्हातारा होता आणि एक पोर.

अल्ताफनं फिल्म क्लिपला अडकवली. पाकिटाकडे बघितलं.

"मग हे नाव?"

"नाही देता येणार."

तो हात धुवायला गेला. पुष्कळ वेळ धूत राहिला. तिकडे तोंड करूनच म्हणाला, "पहिली फिल्म पाठवा."

"काय?"

"पांढरी. दगड घट्ट आहे, आतलं दिसत नाही. मी लिहून देतो, सहीशिक्क्यानिशी. खोटं कुठंय? आलीच होती की पांढरी."

"अल्ताफ."

"कुणाचं काय जातंय ओ ताई? त्या माशाचं जातंय का? माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे, गॅदरिंगचा, त्यातबी त्यानं मान वळवलीय. एवढं एक नाव राहिलं असतं."

मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"दोन्ही दे," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही फिल्म्स कोरड्या करून एकाच पाकिटात घातल्या. जबडा उचलायला मदत केली आणि रिक्षा मिळेपर्यंत ऍप्रनवरच रस्त्यात उभा राहिला.

चर्चा

बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते. मी दगड टेबलावर ठेवला. पाकीट हातात होतं. त्यांना कुठलीही फिल्म दिली असती तरी त्यांनी उजेडाकडे धरून "काय दिसतंय?" असंच विचारलं असतं.

"बाबा, मुळं उघडी आहेत."

"सगळी?"

"ज्या दाताची बघितली त्याची. बाकीच्यांची वेगळी नसणार."

"नस?"

"रुंद."

ते खुर्चीत सरळ झाले. विद्यार्थ्याची तोंडी घ्यायची असली की असे बसायचे.

"दातांमधली अंतरं?"

"जबडा वाढला की वाढतात."

"टोकं?"

"झिजतात."

"आकार?"

मी दगड त्यांच्या हाताशी सरकवला.

"मग उरलं काय वेगळं?"

"काही नाही."

"म्हणजे माझंच आहे," ते म्हणाले. "माझ्याच जातीचं पिल्लू." चुकीच्या वर्गात शिरलेला मास्तर कसा म्हणेल, तसं म्हणाले.

आमच्या शास्त्रात नावांचे नियम कडक आहेत. एका प्राण्याला आधी दिलेलं नाव तेच चालतं. नंतर कुणी अजाणता दुसरं दिलं तर ते पहिल्याच्या पोटात जातं, आणि ज्या कुळात ते असं वाया गेलं त्या कुळात ते पुन्हा कुणालाही देता येत नाही. मेलेलं नाव, पण जागा अडवून बसलेलं.

"अल्ताफ म्हणत होता पांढरी फिल्म पाठवा," मी म्हटलं.

"अल्ताफ चांगला मुलगा आहे." बाबांनी हात पुढे करून दगड चाचपला. "आणि चालेलही ते. तिकडे कोण जातंय? वीस वर्षं कुणाला कळणार नाही."

मी पाकीट टेबलावर ठेवलं.

"मग कुणीतरी जाईल. अर्धवट वाढलेला, मधल्या वयाचा जबडा आणेल. या प्राण्यांचं आपल्याकडे माहीत असलेलं कोण असेल तेव्हा? तू. तुझ्याकडेच येईल तो. मी नसेन. आणि तुला लिहावं लागेल की मिहिरी अशी जात नाही, नव्हती. लिहिशील?"

"लिहीन."

"नक्की?"

"लिहावंच लागेल, बाबा."

"मग तेव्हा एकटीनं कशाला लिहितेस," ते म्हणाले. "आज दोघं मिळून लिहू."

पुरवणी

त्या नावाचा देवमासा कुठेही नाही. शोधून बघा, सापडणार नाही.

जबडा आता एका संग्रहालयाच्या खणात आहे, जुन्या जबड्याच्या शेजारी. चिठ्ठीवर बाबांच्या जातीचं नाव आहे आणि पुढे "पिल्लू". या प्राण्यांचा जबडा वयाबरोबर कसा बदलतो हे आमच्या लेखातून पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. लोक त्याचा उल्लेख करतात. मी नंतर दोन जातींना नावं दिली. एक गावाचं, एक रंगावरून. परिषदांत कुणी विचारतं, माणसाचं नाव का देत नाही? मी म्हणते, जमलं नाही.

नाव

मूळ लेख टाइप केलेला होता. त्यातून नाव काढायचं म्हणजे प्रत्येक ठिकाणी खोडून वर दुरुस्ती लिहायची, मग नवी प्रत टाइप करायला द्यायची. बाबांना दिसत नव्हतं, म्हणून मी वाचायची आणि ते ऐकून सांगायचे. ते छापील मजकूर असाच तपासायचे, विरामचिन्हांसकट. मी "स्वल्पविराम" म्हणायची, "पूर्णविराम" म्हणायची, "नवा परिच्छेद" म्हणायची. त्याच दिवसाच्या संध्याकाळचा उजेड होता. मी पहिलं पान पुढे घेतलं आणि पेन उघडलं.

"थांबा जरा," आई म्हणाली.

ती दारात होती. ओले हात पदराला पुसत होती. तिनं पाटावरचं सूप बाजूला केलं, पाट ओढला आणि आमच्यामध्ये बसली. त्या टेबलापाशी ती कधी बसली नव्हती.

"काय खोडताय?"

मी सांगितलं. तिला दवाखान्यातलं, फिल्मचं सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "पिल्लू होतं ते?"

"हो."

"आई असेल त्याची."

"असेल."

"बरं." ती थोडा वेळ दगडाकडे बघत राहिली. "तो गेल्यापासून या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तुम्ही नाही, हिनं नाही. मीही नाही. जीभच रेटत नव्हती. मग हे सुरू झालं तुमचं. मिहिरीचे दात, मिहिरीची टाळू. मी आतून ऐकत होते. माशाचं असू दे, काही का असेना. दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडत होतं."

बाबांनी मान खाली घातली.

"उद्यापासून कशाला घ्याल तुम्ही?" आई म्हणाली. तक्रार नव्हती, विचारत होती.

मी पेनचं टोपण लावलं.

"एकदा सगळं वाच," ती मला म्हणाली. "आहे तसं. मग खोड."

"इंग्रजीत आहे, आई. सगळं हाडांचं आहे."

"असू दे. तेवढं कळतं मला."

मी वाचायला लागले. कच्छ, ओढा, खडकाचा थर. स्वल्पविराम. वरच्या जबड्याची कड. पूर्णविराम. मी बाबांच्या सवयीनं वाचत होते, त्यामुळे सगळं एका सुरात येत होतं, आणि नावही त्याच सुरात येत होतं. आई मांडीवर हात ठेवून बसली होती. हाडांची नावं आली, मोजमापं आली, ती समोर बघत राहिली. नाव आलं की तिची बोटं जराशी मिटायची आणि पुढचं वाक्य सुरू झालं की सुटायची. एवढंच. बाबांनी डोळे मिटले होते. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. आमच्याकडे दिवा लावायची वेळ होऊन गेली होती आणि कुणी उठलं नाही. शेवटची पानं मी खिडकीकडे धरून वाचली. दातांच्या वर्णनात नाव फार वेळा होतं. एका ठिकाणी मी घाईत ते गाळलं.

"इथं होतं," आई म्हणाली.

मी मागे जाऊन ते वाक्य पुन्हा वाचलं.

शेवटी आभार होते, ते वाचले. संदर्भ वाचायचे नसतात. ते ती म्हणाली म्हणून वाचले. त्यांत नाव नव्हतं.

"संपलं?"

"संपलं."

आई पाटावरून उठली. उठताना तिनं टेबलाचा आधार घेतला. दिव्याचं बटण दाबलं.

"खोडा आता," ती म्हणाली, आणि कुठे कुठे आहे ते दाखवायला माझ्या शेजारी उभी राहिली.